हवालदारांचा ‘थम’

खेळणाऱ्या पोरांना काठावरून किती सांगावं, या एका गोष्टीपायी मी आयुष्यात दोन माणसांशी बोलणं सोडलं. एक माझा थोरला मुलगा. त्याच्याशी पुन्हा बोलायला लागलो, कारण जेवायला त्याच्याच घरी असतो. दुसरे आमच्या गावचे हवालदार. ते आता राहिले नाहीत. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही सलग नाही. तेव्हा लिहिण्यात चूक दिसली तर खुशाल काढावी, पण सांगतो त्यात काढू नये. मी तिथं उभा होतो.

ते बाहत्तरच्या दुष्काळाचं साल. आमचं गाव पाथर्डीच्या अंगाला, तिसगावच्या बाजाराला चालत जावं इतक्या अंतरावर. गावाच्या वरच्या बाजूला तळं होतं. ते आटलेलं माझ्या बापानंही पाहिलं नव्हतं. त्या साली दिवाळीच्या आतच तळ उघडा पडला. लोकांनी आधी मासे धरले, मग गाड्या जुंपून गाळ शेतात नेला, आणि विहिरींनीही हात टेकले तेव्हा त्याच तळात बांधाच्या बाजूला झिरा खणला. झिरा म्हणजे नुसता खड्डा, त्यात पाणी झिरपून येईल ते वाटीनं भरायचं. खणता खणता तो दीड पुरुष खोल गेला आणि पौषात तोही कोरडा पडला. पुढं एका दुपारी अवकाळी पाऊस कोसळला. सगळा सैल गाळ वाहत जाऊन त्या खड्ड्यात बसला. पिण्याच्या कामाचं ते पाणी नव्हतं, नुसती बरबट होती. काही दिवसांनी ती वरून वाळली, बाकीच्या तळासारख्याच तिलाही भेगा पडल्या. झिरा कुठं होता ते गावकऱ्याला ठाऊक, परक्याला दाखवूनही पटलं नसतं.

बाकीचा तळ मात्र टणक आणि सपाट. आमच्याकडं सगळी जमीन दगडधोंड्याची, उताराची. एवढं सपाट रान गावात पहिल्यांदाच दिसलं आणि पोरं तिथं खेळायला लागली. म्हाताऱ्या बाया म्हणायच्या, “तळ्याच्या पोटात नाचू नगा रं. पानी आपली जागा इसरत न्हाई.” कोण ऐकतं?

हवालदार पलटणीतून पेन्शनीवर आलेले. येताना त्यांनी कातडी फुटबॉल आणला होता. गावात हुतुतू आणि विटीदांडू, फुटबॉल कुणी बघितलेला नव्हता. त्यांनी बारा-पंधरा पोरं गोळा केली, राखेनं रेघा मारल्या, बाभळीच्या मेढी रोवून गोल केले. रोज सकाळी पोरं रांगेत उभी. पोटात दुष्काळी कामावरच्या सरकारी सुकडीशिवाय काही नाही, पण रांग सरळ. त्यांची शिस्त एकच होती. रेघेबाहेरून एकच आवाज येणार, तो हवालदारांचा. आणि त्यांनी “थम!” म्हटलं की जो जिथं असेल तिथं उभा. पाय उचललेला असेल तर खाली टेकवायचा आणि पुतळा. जो हलला त्यानं बांधावरून पळून यायचं.

त्यात माझा भाचा होता. बहीण आणि तिचा नवरा त्या साली ऊसतोडीला प्रवरेकडं गेलेले. एकुलतं एक पोरगं, बारा वर्षांचं, माझ्याकडं ठेवलेलं. ट्रकमध्ये चढताना बहीण मला म्हणाली होती, “भाऊ, ह्याला उपाशी ठिवलंस तरी चालंल, पर डोळ्याआड करू नगंस.” म्हणून मी खडी फोडण्याचं काम सुटलं की तळ्यावर जाऊन उभा राहायचो. मला खेळातलं काही कळत नव्हतं. पोर तेवढं नजरेत राहायचं.

पहिल्या दिवसापासून मला एक गोष्ट खुपली. मैदानाचा एक कोपरा झिऱ्यापासून वीस-पंचवीस पावलांवर येत होता. मी हवालदारांना म्हणालो, “मैदान तिकडं सरकवा.”

“तिकडं गाड्यांच्या चाकोऱ्या आहेत. पाय मुरगळतील.”

“मग झिऱ्याभवती काटं टाकू. मी बाभळीच्या फांद्या तोडून आनतो.”

“काटे?” त्यांनी बॉल माझ्यासमोर धरला. “ह्याच्या पोटात रबरी ब्लॅडर आहे. एकदा तिसगावला सायकलवाल्याकडून ठिगळ लावून आणलाय. बाभळीचा काटा लागला की खेळ खलास. दुसरा बॉल तुम्ही घेऊन देणार का, मामासाहेब?”

भाचा माझा म्हणून ते मला टोचून मामासाहेब म्हणायचे.

“आन् पोरगं गेलं तिकडं, तर?”

“मी आहे ना काठावर. मी थम म्हटलं की थांबतात. तुमच्या काट्यांपेक्षा माझा आवाज पक्का आहे.” मग पोरांकडं वळून, मला दाखवायलाच, ओरडले, “थम!” पळणारी सगळी पोरं जागच्या जागी थिजली. कुणाचं नाक वाहत होतं, ते पुसायलाही हात उठला नाही.

मला ते बघून बरं वाटलं नाही. मी म्हणालो, “हवालदार, शहाना बैल असला तर त्याला वळनावरच बोलायचं असतं. सारखं हाकत बसलं तर त्यो नांगराच्या तासाकडं बघायचं सोडून हाकनाऱ्याकडं बघतो.”

“तुम्ही बैलाला शिकवा,” ते म्हणाले. “पोरांचं मी बघतो.”

आसपासचे लोक हसले. मी चिडून दोन दिवस गेलो नाही. तिसऱ्या दिवशी बहिणीचे शब्द आठवले आणि गेलो.

भाच्यात फरक पडत चालला होता. आधी मोठं उनाड पोरगं. झाडावरून काढायला लागायचं. आता जेवायला बसलं की ताटाकडं बघत बसायचं. माझी बायको म्हणायची, “खा की रं,” मग खायचं. बायकोला कौतुक. “हवालदारांनी वळण लावलं बघा,” म्हणायची. मी एकदा त्याला विचारलं, “तुला खेळायला आवडतं का रं?” तर म्हणाला, “हवालदारसाहेबांना इचारून सांगतो, मामा.” मी हसलो. मग बघितलं, तर तो हसत नव्हता.

पुढं पलीकडच्या गावच्या पोरांशी सामना ठरला. बाजारचा दिवस, कामाला सुट्टी. बांधावर माणूसच माणूस. ऊन पांढरं पडलं होतं आणि वारा अजिबात नव्हता. एरवी तळ्यावर टिटव्या ओरडायच्या, त्या दिवशी एकही नव्हती. वर घारी तेवढ्या फिरत होत्या, पण दुष्काळात घारी रोजच फिरायच्या, म्हणून कुणी वर बघितलं नाही.

पलीकडच्या गावची दहा-पंधरा माणसं रेघेवर उभी राहून एकदमच ओरडत होती. “हान त्याला!” “आरं, आपल्याच गड्याला कशापायी पाडतूस, गाढवा!” “तुझा बाप कधी पळाला हुता का?” त्यांची पोरं कुणाचंच ऐकत नव्हती, मेंढरासारखी बॉलमागं धावत होती आणि हसत होती. आमच्या बाजूला चिडीचूप. एकटे हवालदार, खाकी हाफपँट, हात मागं. “डावीकडं. सोड. मागं ये. आता.” पोरं त्या आवाजावर अशी फिरायची की बघत राहावं. एक गोल चढवलाही. खोटं कशाला बोलू, माझीही छाती फुगली.

मग बॉल भाच्याकडं आला. समोर मोकळा गोल, राखणारं पोर कुठंतरी भलतीकडंच. पायानं नुसतं ढकललं असतं तरी गोल होता. आणि भाच्यानं मान वळवून काठाकडं बघितलं. हवालदार त्या वेळी खोकत होते. तेवढ्यात पलीकडच्या पोरानं बॉल काढून नेला. बांधावरचे लोक हसले. मला हसू आलं नाही. मोकळ्या गोलापुढं हे पोर विचारत उभं राहतं, तर पुढं कुठं कुठं उभं राहील, असं वाटून गेलं.

सामना संपत आला तेव्हा पलीकडच्या एका दांडग्या पोरानं बॉल असा टोलवला, की तो कोपऱ्यावरून, राखेची रेघ ओलांडून, उड्या मारत झिऱ्याकडं गेला. त्याच्यामागं भाचा. माझ्या घशातून आवाज निघायच्या आत तो टणक तळ ओलांडून गेला होता. वजन ते काय पोराचं? उपासाचं अंग. पाय टेकतोय न टेकतोय असा तो वाळल्या पापुद्र्यावरून चालला होता, आणि तो पापुद्रा त्याला झेलत होता. मी डोळ्यांनी बघितलं, झेलत होता. तीन-चार ढांगांत पलीकडं गेला असता.

“थम!”

भाचा थांबला. दोन्ही पाय जुळवून, हात सरळ.

तापल्या दुधावरची साय हलावी तशी जमीन हलली. आधी घोटे गेले, मग गुडघे. तो ओरडला नाही. वळून त्यानं हवालदारांकडं बघितलं.

“पळ! फुडं पळ!” मी ओरडलो. त्यानं ऐकलं. माझ्याकडं बघितलंही. पण पाय उचलला नाही. तोवर बांधावरून सगळं गाव ओरडायला लागलं. “हलू नगंस!” “पाय वढ!” “हात वर कर!” “बस खाली!” पलीकडच्या गावचेही त्यात. त्या कल्लोळात ते पोरगं मांडीइतकं गेलं, आणि नजर हवालदारांवरची हलली नाही. पुढच्या हुकमाची वाट बघत होतं.

मी धावत कडेला गेलो तर माझाच पाय गुडघ्यापर्यंत गेला. कुणीतरी मागून ओढला म्हणून निघाला. मी मागं वळून हवालदारांना म्हणालो, “बोला की! तुमचंच ऐकतोय त्यो! काहीबी बोला!”

हवालदार माझ्या शेजारी येऊन उभे होते. तोंड उघडं होतं, ओठ हलत होते. आवाज येत नव्हता. लढाई पाहिलेला माणूस, रोज अख्ख्या तळ्यावर घुमणारा गळा, आणि साधा फुंकरीएवढा शब्द बाहेर पडत नव्हता. पोरगं कमरेपर्यंत गेलं.

मग ते खाली बसले. मला वाटलं, ढासळले. पण ते पोटावर आडवे झाले, दोन्ही हात पुढं पसरले आणि तसेच सरपटत त्या पापुद्र्यावर गेले. हनुवटी गाळात. डोळे पोराच्या डोळ्यांत. भाच्यानं ते बघितलं आणि तोही तसाच पुढं आडवा झाला, हात पसरून. सांगितलं कुणीच नव्हतं. फेट्याला फेटा बांधून लोकांनी हवालदारांच्या पायाला अडकवला, मी त्यांचे घोटे धरले, माझी कंबर आणखी कुणी. हवालदारांनी पोराची मनगटं धरली. गाळ सोडायला तयार नव्हता. अडलेल्या गाईचं वासरू ओढावं तसं ओढलं, तेव्हा चोखल्यासारखा आवाज होऊन पोरगं बाहेर आलं. चड्डी आतच राहिली.

बॉल पापुद्र्यावर तसाच होता. कुणी आणायला गेलं नाही. पुढं उन्हानं तो चेपत गेला आणि एक दिवस दिसेनासा झाला.

त्यावर आमचं भांडण पुढं बरीच वर्षं चाललं. मी म्हणायचो, पळत राहिला असता तर पार झाला असता, तुम्ही थांबवलंत. ते म्हणायचे, पुढं मधोमध खोल होतं, थांबला म्हणून कडेलाच सापडला. आम्हा दोघांपैकी कुणी उतरून बघितलं नाही. एकदा पारावर मी म्हणालो, “काठावरच्या मानसानं खेळाआधी बोलावं, खेळ झाल्यावर बोलावं. मधी तोंड मिटून ऱ्हावं. पोराला सोताचे डोळे असत्यात.” ते म्हणाले, “मी तोंड मिटून राहिलो तेव्हाच तुम्ही बोला बोला म्हणून ओरडत होता, मामासाहेब.” त्या दिवसापासून मी बोलणं सोडलं. उत्तर नव्हतं म्हणून नाही. उत्तर आहे. ज्यानं पोराची मान आपल्याकडं वळवून घेतली, त्याला मग गप्प राहायचाही हक्क उरत नाही. हे तेव्हा सुचलं नाही, आज लिहितो.

फुटबॉल बंद झाला. भाचा बरा होता, ताप नाही, काही नाही. फक्त शहाणा फार झाला. सांगितलं तर उठायचा, सांगितलं तर निजायचा. सावलीत बसवला तर ऊन अंगावर आलं तरी बसून. मी त्याला मुद्दाम रानात मोकळा सोडायचो. बांधावर उभा राहून तो माझ्याकडं बघत राहायचा.

ऊस संपल्यावर बहीण परत आली. गाळाचं तिला वाटेतच कुणीतरी सांगितलं होतं. आधी तिनं पोराला छातीशी धरलं, मग हवालदारांच्या घरी जाऊन त्यांच्या पायावर डोकं ठेवून आली. चार दिवस आमच्याकडं राहिली. जायच्या दिवशी गाठोडं बांधता बांधता मला म्हणाली, “भाऊ, लई उपकार झालं तुझं. पोरगं किती गुनाचं झालं! आता मला इचारल्याबिगर पानीसुदिक पीत न्हाई. आमच्या टोळीत असं एक पोर न्हाई बघ.”

तिच्या तोंडावर इतक्या महिन्यांनी हसू होतं.

“मामाच्या पाया पड रं,” ती म्हणाली.

तो वाकला. माझ्या पायांवर त्यानं हात ठेवले, कपाळ टेकलं. बहिणीनं गाठोडं डोक्यावर घेतलं, चुंबळ नीट केली, बायकोशी दोन शब्द बोलली, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि मागं वळून बघितलं. पोरगं माझ्या पायांवर तसंच वाकलेलं होतं.

“आता उठ की, येड्या,” ती हसत म्हणाली.

तेव्हा उठलं.