मार्थामावशीची प्रार्थना

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही, पाळकसाहेबांना तर नाहीच. तुम्हाला सांगतो. मध्येच अडखळलो तर अडखळू द्या.

परळच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत उपदेश संपला की पाळकसाहेब म्हणायचे, 'कुणीतरी प्रार्थना करा.' कागद चालायचा नाही. मनात येईल ते, तिथल्या तिथं. आणि माझी प्रार्थना म्हणजे — काय सांगू! — लोक डोळे पुसायचे. कोण कोण पुसतंय, ते मी एक डोळा किलकिला ठेवून बघायचो. शाळामास्तर ना, हजेरी घ्यायची सवय! मला मंडळीचा वडील, म्हणजे तिचा कारभार बघणारा पंच, म्हणून निवडून यायचं होतं.

संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्ते पेटले होते ते दिवस. शेजारच्या खोलीतल्या मार्थामावशीच्या नवऱ्याला गिरणीतून परतताना पोलिसांची गोळी लागली. तो इस्पितळात, बेशुद्ध. शनिवारी दुपारी मी उद्याची प्रार्थना घोकत होतो — हो, घोकत! — तेवढ्यात फळीच्या भिंतीपलीकडून मावशीचा आवाज आला. देवाशी बोलत होती. 'बापा, त्यांना वाचव. नाही वाचवलंस तरी मी तुझीच. आणि ज्यानं गोळी झाडली, त्या लेकराच्याही डोक्यावर हात ठेव. त्याचीही आई वाट बघत असेल.'

मी काय केलं असेल? उठून तिच्याकडे गेलो असेन? छे. पेन्सिल शोधली.

रविवारी उभा राहिलो आणि ते सगळं म्हटलं, माझंच असल्यासारखं. क्षमा करायला माझं काय जात होतं? माझ्या घरात कुणाला खरचटलंही नव्हतं. मग डोळा किलकिला केला — तर दुसऱ्या बाकावर मावशी! इस्पितळातून थेट आलेली. आता ही बोलणार, माझी अब्रू जाणार.

ती उठली. दोन्ही हात वर करून म्हणाली, 'आमेन!' — असं खणखणीत, की सगळी मंडळी उभी राहिली. तिचे डोळे मिटलेले. माझ्याकडे बघायला तिला सवडच नव्हती! कुणीतरी गीत धरलं, आणि नवरा मरणाच्या दारात असलेली ती बाई सगळ्यांच्या वर आवाज लावून गायली. अहाहा, काय गायली! तसं गाणं मी पुन्हा ऐकलं नाही.

बाहेर पाळकसाहेबांनी विचारलं, 'मास्तर, हे सुचलं कसं?' मावशी शेजारीच होती. आणि मी — मी म्हणालो, 'देवानं सुचवलं.'

'त्यानंच!' मावशी म्हणाली. चेहरा नुसता उजळलेला. टोमणा नव्हता हो. तिला खरंच तसं वाटत होतं.

नवरा वाचला. मी वडील झालो, पंचवीस वर्षं राहिलो. ती प्रार्थना मी चोरली, आणि जिची होती तिच्यादेखत खोटं बोललो. तरी त्या रविवारी देवाचाच जय झाला — मी तिथं असूनसुद्धा.