‘कोणी केले’चा रकाना

ड्युसेलडॉर्फला आम्ही राहत होतो त्या इमारतीत तळमजल्यावर एक वृद्ध पोलिश चित्रकर्ती राहत असत. इमारतीतली मुले त्यांना ओमा, म्हणजे आजी, म्हणत. मीही तेच म्हणू लागले. खरे तर चित्रकर्ती हा शब्द त्यांना अपुरा आहे. त्यांनी बाहुल्या घडवल्या होत्या, नाटकांचे पोशाख बेतले होते, मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढली होती. आणि त्यांच्या देशात लष्करी कायदा असताना स्वयंपाकघरात सरकारविरोधी भित्तिपत्रके छापली होती. त्यासाठी तुरुंगही भोगला होता.

साल दोन हजार सहा असावे. माझ्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. साताऱ्याच्या शाळेत आठ वर्षे शिकवून आलेली मी दुपारी ओमांकडे जाऊन बसे. आम्हा दोघींचेही जर्मन मोठेपणी शिकलेले, म्हणून सावकाश. त्यामुळे एकमेकींचे बोलणे नीट समजे.

त्या वर्षी शहरातल्या एका ग्रंथालयाने त्या भित्तिपत्रकांचे प्रदर्शन भरवायचे ठरवले. चोवीस पत्रकांचा गठ्ठा केलरमध्ये, भाडेकरूंच्या तळघरातल्या खोलीत, ठेवलेला होता. यादी करायचे काम मी घेतले. ओमांची नजर झपाट्याने अधू होत होती. जिथे रोखून पाहावे नेमके तिथेच धूसर दिसे. जे ओळखून सांगायचे ते याच उन्हाळ्यात, हे आम्हा दोघींना ठाऊक होते. एकाही पत्रकावर सही नव्हती.

मी वहीत पट्टीने रकाने आखले: क्रमांक, आकार, कागद, विषय, कोणी केले. नवऱ्याने डोकावून पाहिले.

“अगं, प्रदर्शन आहे की शाळेची तपासणी?”

“अहो, तुम्ही तुमचं सॉफ्टवेअर बघा.”

पहिले चार रकाने भराभर भरले. पाचव्याशी आले की ओमा म्हणत, “पुढे चला, फ्राउ लेररिन.” फ्राउ लेररिन म्हणजे शिक्षिकाबाई, माझा पेशा कळल्यापासून त्या थट्टेने हेच म्हणत.

मग ग्रंथालयातल्या बाईंचा फोन आला. शुक्रवारपर्यंत नावे मिळाली नाहीत, तर प्रत्येक पत्रकाखाली ‘अज्ञात’ छापावे लागेल. ते मला सहन होईना. नोंदवहीत रकाना कोरा ठेवू नये, हा संस्कार तर हाडीमासी मुरलेला. घरी बसून मी चोवीसही ओळींत ओमांचे नाव सुवाच्य अक्षरात लिहिले.

दुसऱ्या दिवशी ओमा नासपती सोलत होत्या. मी यादी मोठ्याने वाचू लागले. तिसऱ्या ओळीला सुरी थांबली.

“हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. पण रेषा तुमचीच आहे. मला ओळखता येते.”

“त्यालाही येत होती.”

“कोणाला?”

“चौकशीला टेबलापलीकडे बसायचा त्याला. अशीच वही. अक्षरही असंच छान. रोज एकच प्रश्न, हे कोणी केलं? मी म्हणायचे, माहीत नाही. त्याचा रकाना शेवटपर्यंत कोरा राहिला, फ्राउ लेररिन. तुम्ही भरलात.”

पेन्सिलने लिहिले होते, एवढेच नशीब. खोडरबर आणायला मी वर गेले आणि जिन्यात थांबून डोळे पुसले. परत येऊन त्यांच्याशेजारी बसून चोवीस ओळी खोडल्या. रबराचा चुरा त्यांनीच तळहाताने झाडला.

“छापू द्या अज्ञात,” त्या म्हणाल्या.

“ते तरी खरं आहे का? तुम्हाला माहीत आहे.”

“नावं नाहीत माहीत. आम्ही विचारतच नव्हतो. माहीत नसलेलं मारलं तरी सांगता येत नाही.”

वर्गात धडा न आलेल्या मुलाला काय येत नाही ते विचारू नये, काय येते ते विचारावे. मी तेच केले.

ओमा बोलू लागल्या. लाकडी चौकटीवर कापड ताणायचे, त्यावर शाई ओतायची आणि रबरी पट्टीने दाबत खाली उतरवायची. कापडाचा जेवढा भाग मोकळा तेवढाच खालच्या कागदावर उमटतो. शाई बाजारात मिळत नसे. कपडे धुण्याच्या साबणाच्या लगद्यात काळी पूड कालवून एक परिचारिका ती करी. कागद एका शाळेचा कारकून कोटाखालून आणी. रकाना पुरेना, तेव्हा मी वही आडवी केली.

“आणि रेखाटन?” मी भीत भीत विचारले.

“तिसऱ्या मजल्यावरची कजाग बाई. तिकडे शेजारी मला हेच म्हणायचे,” त्या म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसल्या. “लिहा. तिला चालेल.”

एकोणिसाव्या पत्रकापाशी त्या अडल्या. ते बाहेर कोणी पोचवले? त्यांनी डोळे मिटले.

“चेहरा आठवत नाही. दारातच उभा राहायचा. कितीही थंडी असो, आत यायचा नाही. बूट ओले असायचे ना, माझी फरशी खराब होईल म्हणून.”

“मग काय लिहू?”

“तेवढंच.”

शुक्रवारी मी फोनवर यादी सांगितली. एकोणिसाव्या क्रमांकाला ग्रंथालयातल्या बाई थबकल्या. काही चूक तर नाही ना, असे त्यांनी विचारले. चूक नाही, असे सांगून मी शुद्धलेखन घालावे तसे सावकाश, दोनदा उच्चारले: पोचवणारा, ओल्या बुटांचा, आत न येणारा माणूस.