विरजणाला आलेला भाऊ

बायपासनंतर माझं हृदय खोंडासारखं उधळायला लागलं, पण फुप्फुसं रुसून बसली. त्यांना सूज आली. श्वासाची अशी शिट्टी वाजायची, की चिंचोळी एमआयडीसीतले कामगार पाळी सुटली समजून घरी गेले असणार. श्वासाच्या यंत्राची घशातली नळी काढून मला मास्कवर ठेवलं होतं. डॉक्टरांनी बायकोला स्पष्ट सांगितलं, “उद्यापर्यंत सुधारणा दिसली नाही, तर नळी परत घालावी लागेल. आणि मग ती लवकर निघेल असं मी म्हणणार नाही.”

बायकोनं कुणाच्या तरी मोबाईलवर स्टेम सेलचं वाचलेलं. तिनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, “निरोगी माणसाच्या मूळ पेशी वाढवून रुग्णाला द्यायच्या, म्हणजे सूज उतरेल, अशी आशा आहे. पण अजून संशोधनच चाललंय. आपण तो उपचार देत नाही.”

बायकोनं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. म्हणजे विरजण की! आणि विरजण चांगल्या घरचंच आणावं, म्हणून तिनं थेट उजनीकाठी फोन लावला.

तिथं माझा चुलतभाऊ राहतो. मोटारीच्या पाइपात शेवाळ अडकलं की धरणात बुडी मारून काढणारा तोच. तो खाली गेला की काठावरची माणसं चहा पितात, भांडतात, समेट करतात, मग हा वर येतो. एकदा तर पाण्याखालच्या जुन्या गावात पारावर बसून आला. मी डोळ्यांनी पाहिलंय. काठावरून.

तर हा गडी उपाशीपोटी, आंघोळ करून मोटरसायकलवर हजर. डॉक्टरांसमोर शर्टाची बटणं सोडत म्हणाला, “काडा सायेब. डावं फुप्पुस घ्या, न्हायतर उजवं घ्या. बिड्या बी सोडल्यात. आजच.”

डॉक्टर हसले नाहीत. त्याला खुर्चीवर बसवून सगळं पुन्हा समजावलं. भावाचं तोंड उतरलं. “मग मी हितं कशाला आलो?”

“यांच्याकडून हे करून घ्यायला,” म्हणत डॉक्टरांनी माझ्या उशाचं चेंडूंचं खेळणं त्याच्या हातात दिलं. नळीतून श्वास ओढला की आतले चेंडू वर चढतात.

“बग दादा,” म्हणत भावानं आधी स्वतःच नळी तोंडात धरली आणि गाल फुगवून अशी फुंकर घातली, की खिडकीचा पडदा हलला. चेंडू जागचे हलले नाहीत.

“बिगडलंय ह्ये.”

“अवो भावजी, वडायचं असतंय, फुकायचं न्हाय!” बायको ओरडली.

मला हसू फुटलं. टाके ओरडले, मी उशी छातीशी कवटाळली, खोकलो, आणि अडकलेला कफ सुटून कितीतरी दिवसांनी श्वास तळापर्यंत गेला. मग भाऊ हललाच नाही. “वड दादा, वड! अजून वड!” जत्रेतल्या कुस्तीला द्यावा तसा आवाज. सिस्टर ओरडून दमल्या.

दुसऱ्या दिवशी यंत्राची नळी परत घालायची गरज उरली नाही. “औषधं लागू पडली,” डॉक्टर म्हणाले, “आणि हे सुद्धा.” मी त्यांना हात जोडले. बोलायला गेलो तर रडू आलं, म्हणून चेंडू वर चढवून दाखवले. माझी बडबड अडल्याचा आयुष्यातला हा एकमेव प्रसंग.

भाऊ निघताना माझ्या छातीला कान लावून म्हणाला, “न घालताच लागलं की इरजण.”

“लागलं बाबा,” मी म्हटलं. “घट्ट लागलं.”