खाजामियाँचा उभा माल

बेंबळीच्या बाजारगल्लीत खाजामियाँचं सुतारकामाचं दुकान आहे. दुकान कसलं, बोळच म्हणा. रंधा मारायचं टेबल टाकलं की माणसानं अंग चोरूनच आत शिरायचं. त्यामुळं प्लायवूडची आठ बाय चारची शीटं भिंतीला टेकवून उभी असत. जाड, कमी खपणारा माल मागं. पातळ, रोजचा पुढं. गावातल्या निम्म्या स्वयंपाकघरांना या माणसानं मांडण्या करून दिल्या, पण स्वतःच्या मालाला खण पाडावेत हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. खणापेक्षा सोयीची अशी त्याची बायको होती ना, अजीजाबी!

मागचं शीट हवं असलं की खाजामियाँ मागच्या दारातून घराकडं हाक टाकी. अजीजाबी पिठाचे हात पुसत येई, पुढची सगळी शीटं भिंतीपासून सोडवून खांद्यावर आणि छातीवर तोलून धरी, आणि तोवर तो मागचं शीट बाजूनं ओढून काढी. माल सरळ उभा राहतो तिथंच धरायचा. भिंतीकडं कलला तर शीट निघत नाही, आपल्याकडं कलला तर आवरत नाही. हे कसब तिच्या अंगात असं मुरलं होतं की शीटं धरून ती शेजारणीशी बोलायचीसुद्धा. खाजामियाँला त्याचा केवढा अभिमान! गिऱ्हाइकाला तो मुद्दाम दाखवायचा. अलीकडं तिचे गुडघे सुजत, उठताना भिंत धरावी लागे. हे त्याला दिसत नव्हतं असं नाही. पण हाक मारायची सवय काही सुटली नाही.

गेल्या पावसाळ्यात नारायणराव गुरुजी कपाटासाठी सगळ्यात जाड शीट मागायला आले. ते पार भिंतीला होतं. उद्या या म्हटलं असतं तर गुरुजी काही रागावणारे नव्हते. पण दारातल्या गिऱ्हाइकाला परत पाठवणं खाजामियाँच्या जिवावर येई. त्यानं हाक मारली. अजीजाबी आली आणि तिनं माल अंगावर घेतला. भिंतीला ओल आली होती, जाड शीटाची कड फुगून पुढच्याला चिकटून बसली होती.

"मुजीबचे अब्बा, थांबा. हात भरून आले."

"झालंच की. जरा दम धर."

भिंतीला पाय लावून त्यानं हिसका दिला. शीट सुटलं, पण पुढच्यांना ढकलून. सगळा माल तिच्या बाजूला कलला. "या अल्ला," एवढंच ती म्हणाली आणि शीटांखाली दिसेनाशी झाली.

गुरुजींनी आणि रस्त्यावरच्या माणसांनी शीटं उचलली. खाजामियाँ हातातलं जाड शीट तसंच धरून उभा होता. कुणीतरी ते ओढून घेतलं.

तिच्या खुब्याचं हाड मोडलं. सोलापूरला ऑपरेशन झालं, पण अजीजाबी पुन्हा उभी राहिली नाही. भाकऱ्या आता खाजामियाँ थापतो, जाड आणि करपलेल्या. ती मुकाट खाते. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला रोज वाटतं.

एका जुम्म्याला नमाज उरकून तो दुकानात बसला. कपाटांच्या उरलेल्या पट्ट्या घेतल्या, चौकटी ठोकल्या, भिंतीला पक्क्या केल्या. दिवस मावळायच्या आत खण तयार झाले. प्रत्येक शीट आपापल्या खणात उभं राहिलं, आणि जागाही वीतभरच जास्त लागली. ते तिला दाखवायचं म्हणून त्यानं तिला खुर्चीसकट उचलून आणलं. तिनं बोट दाखवलं तसं त्यानं अगदी कडेचं जाड शीट ओढलं. कुणी धरायला नसताना ते अलगद बाहेर आलं.

अजीजाबीनं खुर्चीतूनच चौकटीच्या पट्टीवर हात फिरवला.

"एवढंच होतं व्हय?" ती म्हणाली. "मग मला कशाला हाका मारल्या?"