आधी उघाडी बघ

टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनखालची हवा बाहेर सुटता कामा नये, हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. खालची पेटी, म्हणजे क्रँककेस, हवाबंद पाहिजे. केसभर फट राहिली की गाडी मेली. नव्वदच्या सुमारास पेणला पत्र्याच्या शेडमध्ये मी गॅरेज टाकलं, तेव्हा येणाऱ्या बहुतेक गाड्या टू-स्ट्रोकच असायच्या, आणि या एका ज्ञानावर माझं पोट आणि माझी मिजास दोन्ही चालत होती. मिजास जरा जास्तच. गिऱ्हाइकानं काही विचारलं की मी म्हणायचो, तुम्ही चहा घ्या, गाडीचं मी बघतो.

मग शंभर सीसीच्या फोर-स्ट्रोक गाड्या दिसायला लागल्या. मी म्हटलं, इंजिन ते इंजिन, त्यात काय एवढं मोठं? दोन-चार उघडून बघितल्या, पुन्हा बसवल्या, चालल्या. झालं, फोर-स्ट्रोकचाही मी उस्ताद.

माझी मोठी बहीण, बाय म्हणतो मी तिला, पेणच्या खाडीकडच्या एका गावात दिलेली. भावोजींनी वयाच्या बाराव्या वर्षापासून मिठागरात काम केलेलं. खाऱ्या पाण्यात उभं राहून राहून त्यांच्या तळपायांना भेगा पडलेल्या, आणि त्या भेगा पावसाळ्यातसुद्धा भरून यायच्या नाहीत. बाय रोज संध्याकाळी त्यात कोकमाचं तेल भरायची. एका दिवाळीनंतर त्यांना रोह्याला कंपनीत काम लागलं. टेंपररी. पण कायम झाले तर पुन्हा मिठागरात उतरायचं नव्हतं, आणि घरात दुसरं काही बोलणंच नव्हतं. कंपनीनं दिलेले बूट घालून पहिल्या दिवशी ते अंगणात दोन फेऱ्या मारून आले होते.

पहिली शिफ्ट सातची. त्या वेळेला रेल्वेच्या पॅसेंजरचा उपयोग नव्हता आणि गावातून एसटी तर नव्हतीच. म्हणून मोटरसायकल. ती मीच शोधून दिली, एका मास्तरांची जुनी, पण नीट वापरलेली. मी बायला सांगितलं, डोळे मिटून घ्या, इंजिन माझ्या भरवशावर.

कार्तिकी पौर्णिमेच्या उधाणाला गावच्या रस्त्यावर, मोरीपाशी, भरतीचं पाणी पोटरीभर चढलं. भावोजी गाडी घेऊन माझ्याकडं आले आणि म्हणाले, खारं पाणी इंजिनात शिरलं तर? मी खाली वाकलो. इंजिनातून एक रबरी नळी निघून मागच्या चाकाच्या बाजूला लोंबत होती, तोंड उघडं. ही कशाला, याचा मी विचारच केला नाही. कंपनीनं ठेवली असेल काहीतरी. उघडं तोंड म्हणजे खारं पाणी आत जाणार, आणि क्रँककेस तर हवाबंद पाहिजे, एवढंच माझ्या टू-स्ट्रोक डोक्यात. नळीची घडी घातली, वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला आणि तारेनं करकचून आवळला. भावोजींनी पक्कड हातात दिली. “डोकं हाय मेवण्या तुला,” ते म्हणाले. मी जो फुगलो तो काही विचारू नका.

आठ दिवसांनी गियरच्या दांडीपाशी तेलाचा थेंब दिसला. ऑइल सील गेलं असणार. बदललं. पुढच्या आठवड्यात वरच्या टॅपेटच्या झाकणातून तेल पाझरायला लागलं. तिथलं रबर बदललं. मग मॅग्नेटच्या बाजूनं. तिथं नवं पॅकिंग घातलं, वरून चिकटवायला शेलॅक लावलं. तेल मोजायची कांडी काढताना आतून फुस्स असा आवाज यायचा. मी म्हटलं, गरम इंजिन आहे, फुसफुसणारच. इतक्या मोठ्यानं इंजिन मला ओरडून सांगत होतं, आणि मी त्याला गप्प बस म्हणत होतो.

चूक आपली असू शकते हे ज्याच्या डोक्यात येत नाही, तो दुसऱ्याची शोधतो. मी भावोजींवर घसरलो. तुम्ही गाडी ताणता, तुमचा हात जड आहे, फोर-स्ट्रोक नाजूक असते, तिला पस्तिसाच्या वर न्यायची नाही. चांगलं खडसावलं, गॅरेजमध्ये चार लोकांसमोर. वयानं माझ्याहून मोठा माणूस, बहिणीचा नवरा. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून ते पाचाऐवजी चारला उठायला लागले, आणि पेण ते रोहा सगळा रस्ता पस्तिसानं जायला लागले.

तरीही ते व्हायचं ते झालंच. नागोठणं सोडून रोह्याच्या वाटेवर भिसे खिंडीत चढाला लागले आणि तेल बदाबदा खाली आलं, मागच्या टायरवर उडालं, गाडी सरकली. पडले नाहीत, नशीब. इंजिन लगेच बंद केलं, हे त्यांचं शहाणपण. तिथून ढकलत आणि मग एका टेंपोत घालून रोह्याला पोचले तेव्हा शिफ्ट सुरू होऊन दोन तास झाले होते. गेटवरून परत, गाडी पुन्हा टेंपोत घालून. सायबानं निरोप दिला की कायम करायच्या माणसांची यादी महिनाअखेरीला जाणार, आणि आणखी एक खाडा झाला तर नाव जाणार नाही.

खाड्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार, सुट्टी. सोमवारी पुन्हा पहिली शिफ्ट. रविवारी दुपारी मी हत्यारांची पेटी घेऊन बायच्या अंगणात गेलो. मनाशी ठरवून टाकलं होतं, पिस्टनच्या रिंगा गेल्यात, इंजिन उतरवायचं. म्हणजे सिलिंडर बोअर करायला पनवेलला पाठवा, आठ दिवस गेले. सोमवारचं काय, ते मला सांगता येत नव्हतं. भावोजी वडखळला निघाले होते, पहाटे रोह्याकडं जाणारा एखादा ट्रक मिळतो का विचारायला. मी पोचलो तेव्हाच त्यांची सायकल अंगणातून बाहेर पडत होती.

बाय ओट्यावर बसून मोड आलेले वाल सोलत होती. मी गाडी पुसली, तेल भरलं आणि किक मारली. पाच मिनिटं चालू ठेवली. या वेळी तेल किकच्या दांडीपाशी आलं. म्हणजे आता चौथी जागा. मी एक सणसणीत शिवी हासडली.

“आता कुठनं?” बायनं विचारलं.

मी दाखवलं. ती वाल सोलता सोलता बघत राहिली. मग म्हणाली, एक जागा बुजवलीस की दुसरीकडून येतंय, दुसरी बुजवली की तिसरीकडून. मी म्हटलं, बाय, तू वाल सोल. तिनं मनावर घेतलं नाही, तिला माझी सवय होती.

“आपल्या बांधाला त्या साली असंच झालेलं. बापूस काय बोललेला, इसरलास? खांड मागनं बुजवा, आधी उघाडी बघा.” आणि वालाच्या साली झटकत म्हणाली, “तुज्या या इंजिनाला उघाडी कुठं हाय रं?”

आमचा बाप आमच्या गावच्या उघाडीवर राखणीला होता. खाडीच्या बांधाला दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला शेतातलं पाणी त्यातून बाहेर पडतं, आणि भरती आली की खाडीच्या रेट्यानं झडप आपोआप मिटते. आतलं पाणी जाऊ द्यायचं, बाहेरचं येऊ द्यायचं नाही. मी लहान असताना एका पावसाळ्यात बांध तीन ठिकाणी फुटला. अख्खा गाव माती आणि पेंढा घेऊन धावला. एक खांड, म्हणजे भगदाड, बुजवावी तर पलीकडं दुसरी पडायची. लोक बांधाला शिव्या देत होते. बाप मात्र कुणाशी न बोलता चालत उघाडीकडं गेला, पाण्यात उतरला आणि झडपेत अडकलेला ओंडका ओढून काढला. साचलेलं पाणी सुटलं आणि मग बांध बुजला. मी त्याच्या मागं मागं गेलो होतो. डोळ्यांनी बघितलं होतं.

उघाडीवाल्याचा मुलगा मी. पान्हा हातात तसाच राहिला. इंजिनाची उघाडी कुठं आहे ते मला आता विचारायची गरज नव्हती, आणि ती कुणी बंद केली तेही माहीत होतं.

तार गंजली होती. पक्कडीनं तोडली, ट्यूबचा तुकडा सोडवला, नळीची घडी उलगडली. इंजिन चालूच होतं. पिचकारी मारावी तसं कोंडलेलं तेल आणि वाफ माझ्या तोंडावर आली. मग नळी श्वास घ्यायला लागली. बोट धरलं की आतून हलके हलके फुंकर लागायची, भक, भक, भक. पिस्टन खाली आला की खालची हवा कुठंतरी जाणार, आणि थोडा जळका वारा रिंगांमधूनही खाली उतरणारच, नव्या गाडीतसुद्धा. जायला वाट नसेल तर ती हवा जिथं कच्चं सापडेल तिथून तेल घेऊन बाहेर पडणार. मी सीलं बदलत बसलो होतो आणि बिचारी सीलं धडधाकट होती. रिंगाही धडधाकट होत्या. बिघडलेला होतो तो मी.

बायनं पदर पुढं केला, तोंड पूस म्हणाली. तिला सगळं कळलं होतं.

मी नवी लांब नळी घातली, सीटखाली उंच नेली आणि तिचं तोंड खाली वळवून उघडं ठेवलं. आता उधाण कितीही आलं तरी पाणी तिथवर पोचणार नव्हतं. जे पहिल्याच दिवशी करायचं होतं ते एवढंच. तेल भरलं, अर्धा तास इंजिन चालवलं, किकच्या दांडीपाशी पुन्हा थेंब आला नाही. संध्याकाळी भावोजी तोंड पाडून परत आले, ट्रक मिळाला नव्हता. मी म्हटलं, गाडी झाली. काय होतं, त्यांनी विचारलं. किरकोळ होतं, मी म्हणालो. बायनं माझ्याकडं बघितलं आणि ती आत गेली.

सोमवारी मी पण मागं बसलो. म्हटलं, मला रोह्याला पार्ट बघायचे आहेत. कसले पार्ट, मला धीर नव्हता म्हणून बसलो. भावोजी पस्तिसानंच चालले होते. भिसे खिंडीत चढ लागला तसा मी खाली वाकून विजार चाचपली. कोरडी. कंपनीच्या गेटवर भोंग्याआधी पोचलो आणि ते बूट वाजवत आत गेले.

दिवसभर मी नदीवरचा पूल ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावात आलो, चहा प्यालो, पुन्हा गेटवर आलो, गाडीखाली वाकून बघितलं, पुन्हा चहा. वॉचमन संशयानं बघायला लागला. साडेतीनला भावोजी बाहेर आले ते हसतच. सायबानं स्वतः बोलावून सांगितलं होतं की यादीत नाव राहील. मग म्हणाले, “खाडा झाला तवा सायेब बोलला, परत गाडी बंद पडली तर? मी सांगितलं, पडायची नाय. माजा मेवणा मेकॅनिक हाय.”

चार लोकांसमोर मी ज्यांना खडसावलं, ते तिकडं साहेबासमोर माझ्या नावानं शब्द देत होते. मी तिथंच, गेटसमोर, सगळं सांगितलं. तार, ट्यूब, नळी. तुमचा हात जड नव्हता, गाडीचं नाक मी दाबलं होतं. पाळीतून सुटलेली माणसं आजूबाजूनं जात होती.

भावोजींनी खाली वाकून ती नवी नळी बघितली, बोटानं तिचं तोंड चाचपलं. “पक्कड तर मीच दिली व्हती,” ते म्हणाले. उठता उठता म्हणाले, “मग आता किती जोरात चालवायची ते सांग.”

“तुम्हाला पाहिजे तशी चालवा,” मी म्हटलं.

काय चालवली त्या माणसानं! भिसे खिंड कधी उतरली ते कळलं नाही. मी मागं जीव मुठीत धरून बसलो होतो आणि ते पुढं मोठमोठ्यानं काहीतरी सांगत होते, वाऱ्यात मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

कायमचं पत्र होळीच्या आधी आलं. पेढे झाले, बायनं गावभर वाटले. तेव्हापासून तेल गळणारी कुठलीही फोर-स्ट्रोक आली की मी पान्ह्याला हात लावायच्या आधी तिची नळी शोधतो. पण मला सारखी आठवते ती त्या सोमवारनंतरची मंगळवारची पहाट. गाडी निघायच्या आधी एकदा बघावी म्हणून मी पेणहून सायकल मारत सव्वाचारला बायच्या दारात पोचलो. ते चारला उठतात हे मला पाठ होतं. घरात अंधार. बाय आवाज ऐकून दारात आली.

“निजू दे त्यांना,” ती हळू बोलली. “पाचाला उठवाया सांगितलंय.”

मी ओट्यावर बसून राहिलो. आतून भावोजींचं घोरणं ऐकू येत होतं.