गाडी न थांबणारं स्टेशन

मी इंग्लंडला निघाले तेव्हा डहाणू रोडच्या फलाटावर बाबांनी माझी बॅग डब्यात ठेवली आणि लगेच खाली उतरले. "पोचलीस की फोन कर. थंडीत कानाला बांधत जा," एवढंच म्हणाले. गाडी सुटली तेव्हा ते पाठमोरे चालू लागले होते; गावाकडची एसटी चुकली असती तर पुढची थेट दुपारी होती. दादा, तू गावीच राहिलास. ताई, तू सिल्वासाला कंपनीत गेलीस. तुम्हा दोघांनाही मी कधी सांगितलं नाही, पण त्या दिवशी मला रडू आलं नव्हतं.

इथे इंग्लंडात मी एका वृद्धाश्रमात नर्स आहे. मागच्या शेतापलीकडे एक बंद स्टेशन आहे. हौशी लोकांनी जपलेली वाफेची गाडी शनिवार-रविवारी तिथून जाते, पण थांबत नाही. फलाटावर गवत, तिकिटाच्या खिडकीला फळ्या.

बाबा गेले तेव्हा मी ड्यूटीवर होते. वेळेत पोचणं शक्यच नव्हतं. दादा, तू व्हिडिओ कॉल लावलास. मी सगळे अंत्यविधी बघितले, फोन खिशात टाकला आणि आठ नंबरच्या खोलीत गोळ्या द्यायला गेले. तुम्हाला वाटलं, पोरगी धीराची. धीर कसला, आत काहीच हलत नव्हतं.

आठ नंबरमध्ये मार्गरेट राहते. नव्वदीची. तिचे वडील त्या स्टेशनचे मास्तर; ती फलाटालगतच्या क्वार्टरमध्ये वाढली. त्याच आठवड्यात शनिवारी ती म्हणाली, "मला तिथे ने." मी व्हीलचेअर ढकलत नेली. गाडी आली, शिट्टी झाली, धूर आमच्या अंगावरून गेला. आता हिला भरून येईल, म्हणून मी तिच्याकडे बघत राहिले.

"स्टेशन बंद झालं, बाबांनी किल्ली दिली नि आम्ही निघालो," ती म्हणाली. "मला काहीच वाटलं नाही. वाटेल म्हणून अजून वाट बघतेय."

"माझे वडील मंगळवारी गेले," मी म्हणाले. इथे कुणालाच सांगितलं नव्हतं.

तिने माझा हात धरला. "कुठल्या गावी?"

"गंजाड."

"गॅन्जॅड."

"नाही. गं-जा-ड."

चारदा चुकली. पाचव्यांदा बरंच जमलं.

आता रोज सकाळी गोळ्या घ्यायच्या आधी ती ते नाव म्हणून दाखवते. तुझं घर कुठे, असं कुणी विचारलं तर मला चटकन उत्तर सुचत नाही. पण या देशात एका माणसाला आपल्या गावाचं नाव घेता येतं. सध्या माझं घर तेवढंच आहे.