जपानच्या गाडीचं चपटं चाक

आयुष्यभर हातोडी चालवली आणि एकही खिळा ठोकला नाही, असा माणूस अख्ख्या नांदेडात आमच्या घरमालक चाचांशिवाय दुसरा सापडायचा नाही. मुदखेडला रेल्वेत ते फिटर होते. लांब दांड्याची हातोडी घेऊन उभ्या गाडीचं एकेक चाक ठोकायचं आणि आवाज ऐकायचा, हे त्यांचं काम. खणखणीत वाजलं तर चाक चांगलं, बद्द वाजलं तर तडा. त्यांच्या सहीचा कागद मिळाल्याशिवाय गाडी जागची हलायची नाही. रिटायर होऊन वर्षं लोटली, पण खोड सुटली नाही. मी रेणापूरहून बदली होऊन त्यांची वरची खोली बघायला आले, तेव्हा माझं नावगाव विचारायच्या आधी त्यांनी माझी पेटी ठोकली आणि म्हणाले, "बाई, बूड गेलंय हिचं." मला असा राग आला! जिना चढताना बूड निघालं आणि माझे कपडे सगळ्या गल्लीनं पाहिले. माठ, कलिंगडं, गॅसची टाकी, नव्या जावयाची मोटरसायकल, काही म्हणून सुटायचं नाही. एका वलीम्यात, म्हणजे निकाहनंतरच्या जेवणात, त्यांनी बिर्याणीची देग ठोकून "उतरवा, तडा हाय" असं जाहीर केलं. बावर्ची म्हणाला, "चाचा, ही देग हाय, रेल्वेचा डबा न्हाई." तासाभरात अर्धा रस्सा चुलीत गेला आणि लोक चिडले ते चाचांवरच, का तर म्हणे यांनीच नजर लावली.

एरवी माणूस उदास. त्यांच्या मार्गावर विजेच्या तारा आल्या आणि ज्या डिझेलच्या पॅसेंजरची चाकं त्यांनी जन्मभर ठोकली, ती भंगारात गेली. "शेवटच्या दिवशी तिला तपासायला कुणी गेलंच न्हाई. मी बी न्हाई गेलो. भंगारात जाणाऱ्या गाडीला फिट कोण म्हणतंय?" एवढं बोलायचे आणि मग दिवसभर गप्प. चाची मला म्हणायच्या, "सवत मेली, आन् मातम माझ्या घरात."

त्यांचं मन रमावं म्हणून मीच एकदा त्यांच्या मोबाइलवर जपानमधलं एका खेड्याचं स्टेशन लावून दिलं. तिथं फलाटावर कॅमेरा बसवलाय, चालू दृश्य दिसत राहतं. भाताची शेतं, एक बाकडं आणि दोन डब्यांची विजेवरची जुनी गाडी. खाली लिहिलं होतं की ही आधी मोठ्या शहरात ऑफिसच्या लोकांची ने-आण करायची, म्हातारी झाल्यावर तिला या आडमार्गावर धाडलं. चाचा विजेच्या गाड्यांचा दुस्वास करणारे, पण हिच्यावर त्यांचा जीव जडला. "ही बी रिटायर होऊन गावाकडं आली म्हणायची." रोज दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे तिकडं संध्याकाळी, गाडी फलाटात शिरायच्या वेळी चाचा ओसरीत उकिडवे बसायचे, मोबाइल पानाच्या डब्याला टेकवलेला. गाडी आत येताना फिटरनं रुळाशेजारी बसून चाकं ऐकायची, ही रेल्वेची रीतच आहे. "उभ्या माणसाला गाडी खरं सांगत न्हाई, बाई." गाडी थांबली की तेही उठायचे.

एक दिवस ते धापा टाकत वर आले. "मागच्या डब्याचं चाक चपटं झालंय. ठक, ठक, ठक. तिथं कुणी बघूनच न्हाई राहिलं. कळवा त्यांना." मी त्या व्हिडिओखाली इंग्रजीत लिहिलं. मग रोज एकच, "जवाब आला का?" जवाब कशाला येतोय!

मला सुट्टी होती, म्हणून एकदा मी त्यांच्या शेजारी बसले. गाडी आली. चाचा बोटानं पानाच्या डब्यावर ताल धरून म्हणाले, "ऐकलं? ठक, ठक." मला काहीच ऐकू येईना. आवाज वाढवला तरी नाही. त्या कॅमेऱ्याला आवाजच नव्हता, तो नुसतं चित्र दाखवत होता. चाचींनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. "सहा महिने झाले, माझी हाक बी ऐकू जात न्हाई त्यांना. डॉक्टर म्हणला, कान गेलेत, आतल्या आत ठोके वाजतेत, खाली बसलं की जास्तच. यांनी डॉक्टरलाच येडा ठरवलं. तू बोलू नको बेटा. कान गेला म्हणलं तर हा माणूस पुन्हा उठायचा न्हाई." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अलीकडं चाचा बोलताना तोंडाकडं टक लावून बघायचे. आणि वस्तू ठोकायचे, पण निकाल न देताच पुढं जायचे.

मग त्या गाडीची शेवटची फेरी जाहीर झाली. चाचांनी जेवण सोडलं. "चपट्या चाकावर पाठवून राहिले तिला. आपलीला तशीच जाऊ दिली, आता ही." मला ते बघवेना. मी शहाणपणा केला. मोबाइल त्यांच्यासमोर धरला आणि तोंड नीट हलवत सांगितलं, "जवाब आला चाचा! चाक लेथवर घालून गोल केलंय. तुमचे आभार मानलेत." त्यांनी ते तीनदा माझ्याकडून म्हणवून घेतलं. संध्याकाळी गल्लीत पेढे वाटले. मीही एक खाल्ला, निर्लज्जासारखा.

शेवटच्या फेरीला चाचांनी ड्यूटीचा निळा शर्ट घातला, हातोडी मांडीवर घेतली आणि बसले. तिकडं फलाटावर लोक हात हलवत होते. गाडी आली, आणि चाचांचा खुललेला चेहरा हळूहळू उतरत गेला. गाडी निघून गेली तरी ते उठले नाहीत. समोर रिकामे रूळ होते आणि त्यांचं बोट पानाच्या डब्यावर पडतच होतं.

"ते लोक लेखी खोटं देणार न्हाईत," चाचा म्हणाले. "चाक गोल केलं म्हणले, म्हणजे केलंच. आन् आता तर गाडी बी गेली. मग हे काय वाजून राहिलं?"

अरे देवा, काय करून बसले होते मी! चाचींनी पदर तोंडाला लावला. चाचांनी हातोडीनं ओसरीचा लोखंडी खांब ठोकला. परत ठोकला. मग माझ्याकडं पाहिलं.

"वाजला?"

"वाजला, चाचा."

"कसा?"

"खणखणीत."

त्यांनी मान हलवली. मोबाइलमधल्या त्या रिकाम्या फलाटाकडं बघत हळूच म्हणाले, "फिट." आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

ते स्टेशन आम्ही पुन्हा लावलं नाही. चाचा अजून ठोकतात. माठ घ्यायचा असला की मला बाजारात सोबत नेतात. ते ठोकतात आणि माझ्या तोंडाकडं बघत उभे राहतात. बद्द वाजला तर मी बद्दच म्हणते, त्यांचं तोंड पडलं तरी. त्यांच्याशी खोटं एकदाच बोलले, तेवढं पुरे झालं.